'चार शब्द' बोलायचे आहेत?

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. तोवर गुळाची पोळी लाटताना का फुटते, तिळाचे लाडू दगडासारखे का होतात, अशी विचारणा चाललेली असते. फेब्रुवारी उजाडला की मात्र हमखास दोन-तीन पत्रं अशी येतात: 'ताई, ८ मार्चला आमच्या मंडळात मला चार शब्द बोलायला सांगितलंय. काय बोलू?'

यंदा त्यातलं एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं. तालुक्याच्या गावाहून आलेलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून छापत नाही. ह्या भगिनी लिहितात, 'आमच्या महिला मंडळाची भिशी गेली ११ वर्षं मी सांभाळते. हिशेब चोख असतो म्हणून सगळ्याजणी मानतात. पण उभं राहून बोलायचं म्हटलं की हातपाय गार पडतात. आजवर टाळत आले. या वेळी अध्यक्षबाईंनी मला न विचारताच पत्रिकेत नाव घातलं. विषय आहे 'आजची स्त्री', वेळ १० मिनिटं. मुलानं मोबाईलवरून एक छान भाषण काढून दिलंय. चार पानी आहे. पाठ करायला बसते, आणि दुसऱ्या पानावर सगळं विसरते. त्यातून सासूबाई पहिल्या रांगेत बसणार. लग्नाला १८ वर्षं झाली, पण त्यांच्यासमोर सलग चार वाक्यं मी कधी बोललेली नाही. भाषण पाठ होण्यासाठी काही युक्ती असेल तर कृपया सांगावी.'

पाठांतराची युक्ती मी सांगणार नाही. रागावू नका! अहो, भिशीत कुणाचा कितवा हप्ता राहिलाय हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. ते भाषण तुम्ही विसरता, कारण ते तुमचं नाहीच.

ते मी न वाचताही सांगू शकते. 'आजची स्त्री सर्व क्षेत्रांत पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून…' अशी सुरुवात असेल. मग जिजाऊ, सावित्रीबाई, इंदिरा गांधी, कल्पना चावला अशी नावं एका दमात येतील. मग कवितेच्या दोन ओळी, आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.' खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. पण तेच भाषण नागपूरला वाचा, पणजीला वाचा, नाहीतर इंदूरच्या महाराष्ट्र मंडळात वाचा, काहीच फरक पडणार नाही. ते कुणासाठी लिहिलेलंच नाही, त्यामुळे ते कुणापर्यंत पोचतही नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझी स्वतःची फजिती झालेली आहे, आणि ती नुसती फजिती असती तर हसून सोडून दिली असती.

२०१३ सालची ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती, आपल्याकडे बालिका दिन म्हणूनही ती साजरी होते. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर एक खेडं आहे, तिथल्या बचत गटाच्या बायकांनी मला बोलावलं होतं. त्या काळी मला थोडी हौस होती. आठवडाभर आधी वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. १८३१ साली नायगावला जन्म, १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातली मुलींची शाळा, रस्त्यात अंगावर टाकलेला शेणमारा, १८९७ सालच्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना आलेला मृत्यू, असं सगळं टिपून काढलं. त्यावर शब्दांचा साज चढवला. फुलस्केपचे आठ कागद झाले! आमच्या ह्यांना वाचून दाखवले. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, 'फार छान!' तिथंच मला शंका यायला हवी होती.

समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. मला खुर्ची, पुढं टेबल, त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ. मी ४० मिनिटं बोलले. बायका पदर सावरून गप्प बसल्या होत्या. मला वाटलं, रंगल्या आहेत. मधूनमधून एखादी दाराकडं बघायची, तेव्हा मला जरा रागही आला. (नळाची वेळ झाली होती, हे मागाहून कळलं.) मागच्या भिंतीला टेकून तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी उभी होती. ती मात्र डोळे न हलवता ऐकत होती. बोलता बोलता मी मनात म्हटलंसुद्धा, वा, एकतरी आहे! शेवटी टाळ्या भरपूर पडल्या. आज मला वाटतं, त्या भाषण संपल्याच्या होत्या.

मग चहा आला. तीच मुलगी ट्रे घेऊन फिरत होती. माझ्याशेजारी एक आजी येऊन टेकल्या. म्हणाल्या, 'बाई, लई चांगलं बोललात. पन एक सांगा, सावित्रीबाईंच्या साळंत पोरी यायच्या, त्या किती लांबनं? वाटंनं कुनी सोबतीला असायचं का?'

मी आपली बुधवार पेठेची माहिती देऊ लागले. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ट्रेवाल्या मुलीकडं बोट करून म्हणाल्या, 'ही माझी नात. जूनमधी घरीच बसवली. हितं सातवीपातुर साळा. पुढची तुमच्या गावात. वडापच्या जीपनं पाठवायला तिचा बाप नको म्हनतो, आन् एस्टीला रोज पैका कुठला?'

मैत्रिणींनो, ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एस. टी.चा पास मोफत मिळतो. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची सरकारची योजना आहे. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती का? चांगली ठाऊक होती! आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा अर्ज मीच बसून भरून दिला होता. ४० मिनिटं मी मुलींच्या शिक्षणावर बोलले. भिंतीशी टेकून उभी राहून ती मुलगी बहुधा तेवढी एकच गोष्ट कानांत प्राण आणून शोधत असावी, आणि माझ्या आठ कागदांत ती नव्हती. आजींना तिथंच पासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आता जानेवारी आली की वो.' पुढच्या जूनमध्ये मुलगी आठवीत बसली, असं नंतर समजलं. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

तेव्हापासून बोलायला जायचं असलं की पहिलं काम माझं एकच असतं. 'काय बोलू?' हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि 'समोर कोण बसणार आहे, आणि आज त्यांच्या मनात काय घोळत असेल?' हे शोधून काढायचं. त्या दिवशी मी अर्धा तास आधी जाऊन सतरंजीवर बायकांबरोबर बसले असते, तरी पुरलं असतं.

आता तुमच्याकडे वळू या.

उद्या सकाळीच अध्यक्षबाईंना फोन करा. कितीजणी येतील, साधारण कोणत्या वयाच्या, लेकुरवाळ्या किती, घरातली पुरुष मंडळी येणार का, माईक आहे का, तुमच्या आधी कोण बोलणार, आणि अल्पोपाहार भाषणांच्या आधी की नंतर, हे विचारून घ्या. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी मोठा आहे बरं! बटाटेवड्याचा वास दरवळू लागला की भल्याभल्या वक्त्यांचं काही चालत नाही. आणि वेळेबद्दल म्हणाल, तर पत्रिकेत १० मिनिटं लिहिली असली तरी तुमच्या वाट्याला सहाच येतील असं धरून चाला. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ ह्यांत वेळ कसा जातो, हे मी तुम्हाला काय सांगावं! सहा मिनिटांचं तयार ठेवलं आणि १० मिळाली, तर कुणी तक्रार करत नाही. उलट झालं तर आपली धांदल उडते, नेमकं महत्त्वाचं राहून जातं आणि आभार मानणारी बाई मागं येऊन उभी राहते.

माईकपुढं सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे सहाशे शब्द. हातानं लिहिलेली अडीच-तीन पानं. तुमचा वेग थोडा कमी-जास्त असेल. घड्याळ लावून एकदा पाहून घ्या.

आता विषय. 'आजची स्त्री'! हा विषय म्हणजे दहा वारी पातळ आहे. नेसायचं कसं तेच कळत नाही. तो कापून आपल्या मापाचा करायला हवा. त्यासाठी लांब जायला नको. तुमच्याच पत्रात तो सापडतो. तुम्ही ११ वर्षं भिशीची वही सांभाळता. त्या खोलीत बसलेल्या बायकांनी पहिली रक्कम हातात आल्यावर काय केलं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कुणी मिक्सर घेतला असेल. कुणी मुलीच्या क्लासची फी भरली असेल. कुणी आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला पैसे पाठवले असतील. एखादीनं काहीच घेतलं नसेल, नुसतं बँकेत स्वतःच्या नावानं खातं उघडलं असेल. मोबाईलवरच्या त्या चार पानांत हे कुठून येणार? आणि ह्यातच 'आजची स्त्री' पुरेपूर आहे की!

पण जपून हं. भिशीची वही ही विश्वासाची गोष्ट आहे. माहेरी पाठवलेले पैसे सासरी ठाऊक नसतात, नवऱ्याच्या कर्जापायी मोडलेल्या बांगड्या शेजारी ठाऊक नसतात. एका वाक्यानं एखादीच्या घरात आग लागेल. म्हणून नावं नकोत. आणि नाव न घेताही जी ओळखू येईल, तिची गोष्ट तिला विचारल्याशिवाय नको. गाव लहान असतं. 'एक बाई होत्या, त्यांची मुलगी परदेशी असते' एवढं म्हटलं की सगळ्या माना एका दिशेला वळतात! तिनं 'सांग' म्हटलं तर सांगा. नाही म्हणाली तर सोडून द्या. गोष्ट कितीही छान असली तरी.

मला विचाराल तर स्वतःच्याच रकमेपासून सुरुवात करावी. तुम्ही काय केलंत पहिल्या भिशीचं? ते पत्रात लिहिलेलं नाही. मला उगाच उत्सुकता लागून राहिली आहे.

आता लिहायला बसू नका. ही चूक आपण सगळ्याच करतो. कागद पुढं घेतला की आपल्या तोंडी पुस्तकी भाषा येते, 'स्त्रीने स्वावलंबी होणे ही काळाची गरज आहे' असलं काहीतरी. असं आपण घरात बोलतो का कधी? आधी मोठ्यानं बोला. कणीक मळताना बोला, वाटाणे सोलताना बोला. मोबाईलमध्ये आवाज टेप करायची सोय असते, ती वापरा. मुलगा लावून देईल. (भाषण शोधून देण्यापेक्षा ते काम त्याला सांगितलेलं बरं.) तीन-चार दिवस असं बोलून झालं, की जे वाक्य दरवेळी आपोआप येतं ते ठेवायचं आणि जिथं जीभ अडखळते ते काढायचं. मग कागदावर उतरवायचं. उतरवतानाही 'माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे' असंच लिहा. 'सदर वही माझेजवळ आहे' असं नको.

सबंध भाषण लिहून हातात ठेवलंत तरी काही बिघडत नाही. वाचून दाखवणं कमीपणाचं, हा आपल्याकडचा एक गैरसमज आहे. मात्र फुलस्केप नको. थरथरत्या हातात तो कागद माईकसमोर असा फडफडतो, की मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. पोस्टकार्डाएवढे जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू फार उपयोगी पडते. मोठ्या अक्षरात, एका तुकड्यावर एकच मुद्दा. वर क्रमांक घाला. मी एकदा तिसऱ्यावरून थेट सातव्यावर गेले होते, आणि गंमत म्हणजे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यावरूनच कळलं, मधल्या तिन्हींची गरज नव्हती.

'आम्हाला भाषणाची सवय नाही' असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीत भरल्या घरापुढं उखाणा घेतलाय ना? त्या दोन ओळींत काय काय असतं, पाहा. सगळ्यांना ठाऊक असलेली एखादी वस्तू आधी येते, समई, तुळस नाहीतर दाराचा उंबरा. मग यमकाची चाहूल लागते. नाव शेवटी येतं, आणि ते येईपर्यंत पोरीबाळींसकट सगळे श्वास रोखून असतात. नाव आधीच सांगून टाकलं असतं तर कुणी थांबलं असतं का? भाषणातही मुख्य गोष्ट मुठीत धरून ठेवायची. 'आज मी तुम्हाला बचतीचे महत्त्व सांगणार आहे' असं आरंभीच म्हटलं, की झालं! बायकांना महत्त्व ठाऊक असतं. निळ्या वहीपासून सुरुवात करा. त्या वहीत काय आहे, हे ऐकायला बसतील.

कीर्तन ऐकतानाही हे शिकायला मिळतं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगात डोळे मिटू लागले की बुवा चटकन नामाचा गजर करायला लावतात. लोकांच्या तोंडी काहीतरी दिलं की झोप जाते! त्यांच्याकडे दोन तास असतात, आपल्याकडे सहा मिनिटं. तेव्हा आपण सरळ आख्यानच धरावं. आणि समोरच्यांना काहीतरी करायला लावायचं असेल, तर हात वर करायला सांगावे. पण प्रश्न जपून निवडा. 'स्वतःच्या नावाचं बँकखातं कुणाकुणाचं आहे?' असं भर सभेत विचारलंत, तर ज्यांचं नाही त्या खाली बघतील आणि तिथून पुढं तुमचं एक अक्षर ऐकणार नाहीत. 'भिशीच्या पैशातून मिक्सर घेतलेल्या कितीजणी?' असं विचारा. निम्म्या हात वर करतील, उरलेल्या हसतील.

हसवण्यावरून आठवलं. सासू-सुनांवरचे विनोद नकोत. टाळ्या मिळतात, कबूल. पण एका समारंभात एक विनोदी बाई सुनांवर अशा काही घसरल्या, की माझ्या पुढच्या खुर्चीवरची नवी नवरी उठून स्वैपाकघराच्या बाजूला गेली ती आलीच नाही. हसवायचं असेल तर स्वतःवरच हसावं. त्यात कुणाचं काही जात नाही.

'सन्माननीय व्यासपीठ…' ह्या गोष्टीबद्दल दोन शब्द. काही लोक म्हणतात, हे सगळं टाळावं आणि थेट बोलायला लागावं. शहरात चालत असेल. आपल्याकडे अध्यक्षबाईंचं नाव घ्यायचं राहिलं तर वर्षभर अबोला! तेव्हा नावं घ्या, पण पाहुण्या, अध्यक्षबाई आणि 'जमलेल्या माझ्या मैत्रिणी' एवढ्यावर थांबा. नावं पहिल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मोठ्या व्यक्तींची नावं घाबरल्यावर सगळ्यात आधी विसरतात.

आता भीती. हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, हे सगळ्यांना होतं; अगदी रोज बोलणाऱ्यांनाही. उभं राहण्याआधी घोटभर पाणी प्या. फार नको. माईकच्या दांड्याला घट्ट धरून ठेवू नका, हात थरथरला की तोही थरथरतो. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' करायचं काम मांडववाल्याचं. बांगड्या मात्र त्या दिवशी जरा कमी घाला, नाहीतर भाषणापेक्षा किणकिणाटच जास्त ऐकू येईल. आणि उभ्या राहिलात की लगेच तोंड उघडू नका. तीन आकडे मनात मोजा. समोर बघा. एखादा ओळखीचा, मायेचा चेहरा शोधा आणि पहिलं वाक्य तिला सांगा.

'माझा आवाजच बारीक आहे' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी नेहमी पंडिता रमाबाईंची हकीकत सांगते. १८८९ सालच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन आणि त्याला जोडून सामाजिक परिषद भरली होती. पुरुषांनी भरलेल्या त्या सभेत रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा गलका चालला होता. त्यांच्या चरित्रात सांगतात, की त्या नुसत्या उभ्या राहिल्या. सभा शांत होईपर्यंत बोलल्याच नाहीत. आणि मग म्हणाल्या, माझा आवाज लहान आहे ह्यात नवल ते काय, बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही दिलीत कधी? आवाज लहानच राहिला असेल त्यांचा. पण त्यानंतर न ऐकण्याची कुणाची छाती झाली असेल? समोर कोण बसलंय आणि ते काय करताहेत, हे त्यांनी पाहिलं आणि तिथूनच बोलायला लागल्या. ते वाक्य आदल्या रात्री पाठ करून आणता आलं नसतं.

आणखी एक आठवण, दुर्गाबाई भागवतांची. १९७५ साली आणीबाणीत कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. दुर्गाबाई अध्यक्ष. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, व्यासपीठावर. तुरुंगवासानंतर जयप्रकाश नारायण आजारी होते. त्यांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करू या, असं आवाहन दुर्गाबाईंनी त्या सभेला केलं. कऱ्हाडचं नाव निघालं की जाणत्या माणसांना अजून ते क्षण आठवतात. हजारो लोकांच्या मनात जे होतं आणि ओठांवर येत नव्हतं, त्याला दुर्गाबाईंनी वाट करून दिली. पुढं त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

आपल्याला मंडळात एवढं काही करायचं नाही, हे खरं. पण तुमच्या समोर बसलेल्यांपैकीही एखादीच्या मनात काहीतरी अडकलेलं असेलच. भिशीची रक्कम घरात कुणाच्या हाती जाते? पहिल्या दिवशी तरी ती आपल्याच पर्समध्ये राहते का? तुमच्या ११ वर्षांच्या वहीत ह्याचंही उत्तर असणार. ते बोलायचं की नाही, हे तुम्ही तुमच्या गावाकडं बघून ठरवा. मी इथं बसून 'बोलाच' असं म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून भाजीला जायचं तुम्हाला आहे. पण बोललात, तर उपदेश न करता स्वतःपासून बोला. 'मी पहिली रक्कम घरी नेली तेव्हा काय झालं' हे सांगितलंत, तर ज्यांना समजायचं त्यांना समजेल.

भाषणाच्या शेवटाला काहीतरी उपयोगाचं ठेवा. माझ्या त्या एस. टी.च्या पासासारखं. समजा, बँकेत खातं उघडायला कोणते कागद लागतात ते. आपल्या शाखेत आधी जाऊन नीट विचारून या, एका पुठ्ठ्यावर लिहा, आणि 'ज्यांना काढायचंय त्यांना घेऊन मी सोमवारी ११ वाजता बँकेत जाणार आहे' असं जाहीर करून खाली बसा. म्हटलंत तर सोमवारी जा मात्र! एकच बाई आली तरी जा.

राहता राहिल्या सासूबाई.

त्या पहिल्या रांगेत बसणार, म्हणून तुम्हाला धडकी भरली आहे. १८ वर्षांची सवय ८ मार्चला मांडवात मोडायची म्हणजे फारच कठीण. ती त्याआधी घरातच मोडा. एखाद्या दुपारी त्या भाजी निवडत बसल्या असतील, तेव्हा समोर जाऊन बसा. उभं राहू नका, भाषण आहे असंही म्हणू नका. 'आई, मंडळात हे सांगायचं म्हणते, बरं वाटतं का बघा' म्हणून सहा मिनिटं बोला. मेथीची जुडी मधे असली की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही सोपं जातं, एकमेकींकडं बघावं लागत नाही. कदाचित त्या काही बोलणार नाहीत. कदाचित म्हणतील, 'आमच्या वेळी कसली भिशी न् कसलं काय, डाळीच्या डब्यात पैसे ठेवायचो आम्ही.' असं म्हणाल्या, तर पुढं विचारा. किती ठेवायचात? कुणाला सापडले का कधी? काय केलंत त्यांचं?

आणि ते भाषणात घेऊ का, हेही विचारा. कालच्या स्त्रीची ती वही आहे, आणि ती अजून कुणी उघडून पाहिलेली नाही. त्यांनी हो म्हटलं, तर तुमचं पहिलं वाक्य मिळालंच म्हणून समजा.

मुलानं दिलेली चार पानं फेकू नका, पाठीमागं कोरी असतील. ८ मार्चला अजून तीन आठवडे आहेत. झालं की सविस्तर पत्र पाठवा. आणि पहिल्या भिशीचं काय केलंत, तेही लिहा.